फ्रीजमधला वैजूचा कप्पा

वैजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रीज पुसत होते. कमलनगरात वीज कधी येईल, कधी जाईल याला धरबंध नाही, त्यामुळं दूध नासतं, वास कोंडून राहतो, आणि मला वास अजिबात सोसत नाही. चहात माशी पडली तर मी तो चहाच काय, ती कपबशीसुद्धा आठवडाभर वापरत नाही. घरचे हसतात, हसू देत. तर खालचा कप्पा बाहेर काढून सोडा टाकून घासत होते आणि कलबुर्गीहून तिच्या कॉलेजातल्या एका बाईंचा फोन आला. डेंगूचा ताप, पेशी उतरत गेल्या, पहाटे... पुढचं मी ऐकलंच नाही. कप्पा हातात तसाच धरून मोरीपाशी उभी राहिले. आमच्या घरात त्याला ‘वैजूचा कप्पा’ म्हणतात, कारण ती आली की तो रिकामा करून द्यावा लागायचा. ती त्यात काय ठेवायची हे मी आजवर एकाही पाहुण्याला सांगितलं नाही. आज छापूनच सांगते. ती त्यात माणसांचा गू ठेवायची.

वैजयंता माझी चुलत बहीण. औरादजवळच्या आमच्या गावात आम्ही एकाच घरात वाढलो, एका ताटात जेवलो. मी मोठी म्हणून ती मला अक्का म्हणायची आणि माझं एकही ऐकायची नाही. मला जेवढी किळस, तेवढी तिला कमी. शेणात हात घालून किडे बघायची, आणि त्याच हातानं माझी वेणी ओढायची. गणितात मात्र पोरगी वाघीण होती. कलबुर्गीला शिकली, तिथंच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, सुटलो, आता आकड्यांत राहील, आकड्यांना वास नसतो. कसलं काय! एके दिवशी माझ्या ओट्यावर बसून म्हणते, “अक्का, माणसाच्या आतड्यात जिवाणूंचं आख्खं गाव असतंय. त्या गावात कोण कुणाला धरून ऱ्हातंय ते मला काढायचंय.” मी म्हटलं, ते काढायला मिळतं कुठून? ती नुसती हसली. त्या हसण्यावरूनच मला मळमळायला लागलं होतं.

तिचं काम तिनं मला इतक्या वेळा समजावलं की आता मीच कुणालाही समजावू शकेन. पोटात शेकडो जातींचे जिवाणू असतात. एकेकाची नुसती मोजदाद करून काही कळत नाही. खूप माणसांचे नमुने घ्यायचे आणि बघायचं, की हा असतो तिथं तोही असतो का, हा वाढला की तो घटतो का. प्रत्येक जिवाणूचा एक ठिपका काढायचा. जोडीनं सापडतात त्यांच्यात निळी रेघ, एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत त्यांच्यात तांबडी. अशा रेघांचं जाळं तयार झालं की त्यात दिसतं, कुणावाचून कुणाचं अडतंय. मी विचारलं होतं, संख्येनं जास्त तोच मोठा ना? ती म्हणाली, न्हाई अक्का. आपल्या कमलनगरचा फाटा बघ. तिथं राहतंय कोण? चार टपऱ्या. पण फाटा बंद पडला तर किती गावांच्या जीपा अडकतात? तसा एखादा जिवाणू असतो, मूठभर, पण तो गेला की सगळ्यांची वाट बंद. आणि मी फार हुरळून गेले की लगेच लगाम घालायची. म्हणायची, बाजारात दोघी बाया शेजारी बसलेल्या दिसल्या म्हणून मैत्रिणी समजू नको, दोघींना एकच सावली पाहिजे असती. रेघ दिसली की थांबायचं आणि विचारायचं, कामून? हे ‘कामून’, म्हणजे ‘का’, तिच्या तोंडात सारखं असायचं.

नमुन्यांसाठी तिनं आमचंच गाव निवडलं, हे आमचं दुर्दैव. झाकणालाच चिमुकला चमचा असलेल्या प्लास्टिकच्या डब्या घेऊन ती घरोघर फिरली. कुणी दार लावलं, कुणी शिव्या दिल्या, एका चुलत भावजयीनं तिला अंगणातच थांबवून वर गोमूत्र शिंपडलं. म्हणजे गायीचं चालतं! बाकीच्यांना तिनं उन्हात बसून समजावलं, सह्या घेतल्या, तुमचं नाव कुठंही येणार नाही, नुसता आकडा येईल, असं कबूल केलं. माझ्याकडूनही डबी भरून घेतली मेलीनं. तो प्रसंग मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यानंतर मी तीनदा आंघोळ केली आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. बर्फाच्या पेटीत डब्या घालून ती औरादहून जीपनं कमलनगरला यायची. एकदा ड्रायव्हरनं पेटी टपावर टाकू का विचारत म्हटलं, दही हाय का बाई? ही म्हणाली, त्याच्या पुढचं हाय. पुढची गाडी मिळेपर्यंत पेटीतला बर्फ वितळायचा, म्हणून डब्या माझ्या फ्रीजमध्ये! खालच्या कप्प्यात! वरच्या कप्प्यात माझी कोथिंबीर, दूध, देवाचा नारळ. मी थयथयाट केला. ती शांतपणे पिशवीवर पिशवी घालून, गाठ मारून डब्या ठेवायची आणि म्हणायची, “ह्याच्यात जे हाय ते तुझ्यातबी हाय. तूच रोज घेऊन फिरायलीस की.” शी! आजही लिहिताना अंगावर काटा येतो. पण ती गेली की कप्पा तोच धुऊन परत तिच्यासाठी मोकळा ठेवायचे, हेही खरं.

आता आंबिलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा मांडायची, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेल्या आंबिलीनं भरलेलं बिंदगं. हे मातीचं बिंदगं बाया डोक्यावर घेऊन येतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं, अशी रीत. शेजारच्या शेतातली आंबील आपण प्यायची, आपली त्यांना द्यायची. आणि पूजा झाली की थोडी आंबील उभ्या पिकात शिंपडायची, त्याला चर म्हणतात. किती सुंदर सण, नाही? मीही शाळेत मुलांना निबंधात हेच लिहायला लावायचे.

ओढ्यापलीकडं हिराबाईचं घर. पूर्वी मेंढरामागं फिरणारं घराणं, हिच्या आज्यानं घर बांधलं आणि शेती धरली. हिराबाई दर येळवशीला आमच्या शेतात बिंदगं घेऊन यायची. आमचे अप्पा, म्हणजे वैजूचे वडील, माझे काका, घरातले सगळ्यात मोठे. ते हसून म्हणायचे, ये हिरा, बस, जेव. तिला पोटभर वाढायचे. आणि तिचं बिंदगं कोपीच्या कडेला ठेवून घ्यायचे. चराला. दर वर्षी आमच्या शेतातला चर हिराबाईच्या आंबिलीचा. भुईला पडायची, ज्वारीला पडायची, हरभऱ्याला पडायची, आमच्या घशाखाली एक थेंब जायचा नाही. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हाकललं नाही. नकार द्यायची इतकी देवाधर्माची युक्ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. वैजू लहान असताना एकदा कोपीमागं जाऊन त्या बिंदग्याला तोंड लावून प्यायली होती. अप्पांनी तिला ओढ्यावर नेऊन चुळा भरायला लावल्या. हिराबाई उंडा खात बसली होती. तिनं बघितलं आणि खात राहिली.

वैजूनं माणसांच्या डब्यांबरोबर घराघरातल्या आंबिलीचेही नमुने घेतले होते. प्रत्येक घरच्या बिंदग्याचं आंबण, म्हणजे ते आंबवणारे जिवाणू, वेगळं निघतं, असं तिचं म्हणणं. आणि मागच्या वर्षी ती जाळं छापून घेऊन गावी आली. आंबिलीचं जाळं वेगळं काढलं होतं, त्यात एकेक ठिपका म्हणजे एकेक घर, नाव नाही, नुसते आकडे. सगळ्या घरांमध्ये बारीक बारीक रेघा, आणि एकाच जागी, गावाच्या दोन टोकांच्या दोन घरांमध्ये, बोटाएवढी जाड रेघ. तिनं तो कागद स्वयंपाकघरात काकूपुढं, म्हणजे तिच्या आईपुढं धरला. मी शेंगा सोलत होते. “आई, ह्या दोन घरांची आंबील एकाच आंबणाची हाय. एक आपलं घर. कामून?” काकू भाकरी थापत होती. ती थांबली नाही. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि मग सांगितलं. आपली आंबील नासली की ती तिन्हीसांजेला तांब्या पदराखाली घेऊन ओढा ओलांडते आणि हिराबाईकडचं ताक आणते. दर वर्षी एकदा तरी. हिराच्या ताकाला जी चव आहे ती आमच्या घराला कधी आली नाही. ही वाट तिला तिच्या सासूनं दाखवली, आणि तेव्हा हिराची आई तांब्या भरून द्यायची. पुरुषांना काही माहीत नाही.

वैजू खदाखदा हसली. मला तर हसूही येईना. म्हणजे बिंदगं उघड आणलं तर ते भुईला, आणि पदराखालून आणलं तर आमच्या ताटात. आणि हिराबाईला दोन्ही ठाऊक! तांब्याही तीच भरणार आणि येळवशीला कडेला ठेवलेलं आपलं बिंदगंही तीच बघणार. मला आमच्या सबंध घराण्याची शिसारी आली. काकूनं वैजूचा हात धरला आणि अप्पांना सांगणार नाही असं वचन घेतलं. वैजू म्हणाली, नावं मी तशीही लिहीत नाही, पण रेघ पुसणार नाही. आणि तो कागद तिनं गावच्या घरातल्या आपल्या खोलीत भिंतीला चिकटवला, पलंगाच्या वर. अप्पा म्हणायचे, हे शेणाचं चित्र कामून लावलीस? ती म्हणायची, बघा, समजतंय का.

वैजू जायच्या आधीच्या येळवशीला ती अप्पांशी भांडली. गुपित तिनं फोडलं नाही, पण मागितलं मात्र सरळ. हिराबाई बिंदगं घेऊन आली तशी ही उठली आणि म्हणाली, अप्पा, ह्या वर्षी मावशीची आंबील चराला न्हाई, आधी तुमी प्या, सगळ्यासमोर. बाकी मला काही नको. अप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती तिथंच उभी राहिली. शेवटी ते म्हणाले, “तुझ्यासारकं मी घाणीत तोंड घालीत न्हाई.” वैजूनं पेला भरला, स्वतः प्यायली, आणि तशीच चालत गावच्या फाट्यावर जाऊन कलबुर्गीची गाडी धरली. त्यानंतर ती गावी गेली नाही. माझ्याकडं यायची, आजूबाजूच्या गावांतल्या डब्यांनी कप्पा भरायची, आणि जाताना एकदा तरी विचारायची, अप्पा कसे हायत? आणि मग, औंदा पितील का गं? मी म्हणायचे, पितील, म्हातारपणी माणूस मऊ पडतं. तिला ते एकच पाहिजे होतं. लग्न नको, घर नको, बढती नको, बापानं एक पेला आंबील प्यावी.

कार्तिकात ती गेली. गावी आणली तेव्हा अंगण भरलं होतं. आणि मी काय ऐकलं? लांबच्या एका आत्याबाई पदर नाकाला लावून सांगत होत्या, घाणीत हात घालायची ना, त्याचंच लागलं. अहो, डास चावून गेली ती! तुमच्या दारातल्या उघड्या रांजणावरचे डास, कलबुर्गीतले काय आणि इथले काय, सारखेच! मी तोंडावर बोलले. मग मलाच म्हणाल्या, दुःखानं डोकं फिरलंय बाईचं. कॉलेजातून एक साहेब आले होते, त्यांनी तिच्या समाजोपयोगी संशोधनावर चांगलं लांबलचक भाषण केलं. याच माणसानं तिची खोली वासाच्या तक्रारीवरून मुतारीशेजारी हलवली होती. आणि हिराबाई. ती अंगणाच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती, सकाळपासून, पाणी न पिता. दुपारी चहा फिरला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, तिला कागदी कपात. कुणी मुद्दाम केलं असंही नाही, हात आपोआप तिकडं गेला. तेच जास्त ओंगळ. तिनं कप घेतला, तोंडाला लावला नाही, पायाशी ठेवून दिला.

मग येळवस आली. ज्या घरात वर्षात माणूस गेलं त्यांनी सणाचं काही रांधायचं नाही, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं, अशी आमच्याकडची चाल. भुईची पूजा मात्र चुकवता येत नाही. म्हणून आम्ही सगळे रिकाम्या हातानं शेतात गेलो. कोप होती, आमचं बिंदगं नव्हतं. एकेका शेतातून भज्जी आली, खीर आली, आंबील आली. अप्पा घोंगडीवर बसले होते, महिन्याभरात निम्मे झालेले. मला त्यांची दया येत होती, खोटं कशाला बोलू. दुपारी ओढ्याकडून हिराबाई आली. बिंदगं उतरवून म्हणाली, अप्पा, पोरीच्या नावानं आणली हाय. अप्पांचे डोळे भरले. आणि भरल्या डोळ्यांनी ते म्हणाले, “ठिव तितं कडंला. चराला व्हईल.”

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. मी काही बोलणार तेवढ्यात काकू उठली. सगळ्यांना वाटलं, चर शिंपायला उठली. तिनं बिंदगं उचललं, स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि अप्पांच्या पुढ्यात धरला. “घ्या. लगीन होऊन आल्यापासून तुमी हिच्याच घरची पियालाव. आपली नासली की मी ओढा वलांडून हिच्याकडनं ताक आणती. तुमच्या आईनं दावलेली वाट हाय ती. वैजूला ठावं होतं, मी तिचं तोंड धरलं. आता ती न्हाई... आता कुणाचं तोंड धरू?”

दोघं चुलत भाऊ आपापल्या पेल्यात बघायला लागले, जणू त्यात काही तरंगतंय. अप्पांनी पेला हातात घेतला. मला वाटलं, आता पितील. वैजू, आता पितील गं. त्यांनी तो खाली ठेवला, उठले, आणि कोपीच्या मागं गेले. मग आवाज आला. ओकायचा. एकदा, पुन्हा, पुन्हा, पोट पिळवटून. म्हातारा माणूस सबंध आयुष्याची आंबील बाहेर काढायला बघत होता, आणि काहीच येत नव्हतं. नुसती लाळ. हिराबाई उभी होती तिथूनच म्हणाली, अप्पास्नी कुणीतरी पाणी द्या. आमच्या जन्मात तिनं आम्हाला मोठ्यानं सांगितलेलं हे पहिलंच काम असावं. पाणी घेऊन काकू गेली नाही, मी गेले. अप्पांना चूळ भरायला लावली. त्यांचे डोळे तांबडे झाले होते. त्यांनी मला विचारलं, “निघंल का गं ते?”

वैजू असती तर नीट सांगितलं असतं. ती म्हणायची, ताकातले जिवाणू बहुतेक पाहुणे असतात, येतात आणि जातात. पण लहानपणी एका ओढ्याच्या पाण्यातून, एका धुळीतून, एका घरातून दुसऱ्या घरात फिरणाऱ्या हातातून जे येतात आणि राहतात, ते जन्मभर राहतात. ओकून नाही निघत, अप्पा, मी म्हटलं. मी परत आले, खाली ठेवलेला तो पेला उचलला, नाक दाबलं आणि प्यायले. मला आंबील आवडत नाही. तेव्हाही आवडली नाही. आंबट, घशाला पीठ लागतं, वास नाकात बसतो. पण हिराबाईसमोर पेला रिकामा करून उपडा केला, आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघून वैजूचं नाव घेतलं आणि रडली.

अप्पा प्यायले नाहीत. आजपर्यंत नाहीत. मऊ पडतात माणसं, असं मी तिला सांगत होते ते खोटं निघालं. भिंतीवरचा तो कागद मात्र त्यांनी कुणाला काढू दिला नाही, काकू सांगते, दुपारी त्या खोलीत जाऊन बसतात आणि जाड रेघेकडं बघतात. बघोत. मी येळवशीहून परत येताना हिराबाईकडं गेले, दिवसाउजेडी, पुढच्या दारानं, आणि ताकाची बरणी मागून घेतली. जीपमध्ये मांडीवर धरून आणली, सांडेल म्हणून सबंध वाट जीव मुठीत. आता ती फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे, वैजूच्या. परवा पाहुणे आले होते, फ्रीज उघडला तसा आंबूस भपकारा आला. सूनबाई म्हणाली, आई, हे काय ठेवलंय, टाकू का? मी म्हटलं, हात लावू नको, वैजूचं आहे.